पाठराखिणीचे डोळे

कारखान्यात तिला सगळे खोगीरबाई म्हणत. तिची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. रंगखोलीत खिडकीला लागून एक लांबलचक टेबल होतं. बाटल्यांच्या बुचांवर चिकटवलेली बोटभर उंचीची, खेळातली ओतीव प्यादी त्यावरून एका हातातून दुसऱ्या हाती सरकत जायची. मावशी रंगाचं अस्तर द्यायच्या, मग चिलखतं, मग कपडे, आणि त्यानंतर खोगीर, लगाम, रिकिबी, पट्टे असलं सगळं चामडं हिच्याकडे. चेहरे आणि डोळे टेबलाच्या टोकाला बसणाऱ्या काकांकडे. खोगीर रंगवायची हौस कुणालाच नसते. विकत घेणारा ढालीवरचं चिन्ह बघतो, भाल्याचं टोक बघतो; खोगीर बिचारं स्वाराच्या बुडाखाली. म्हणून तर हिने ते काम धरलं होतं. "ही आमची खोगीरभरती," असं मालक आल्यागेल्याला सांगायचे आणि ती सगळ्यांच्या आधी हसायची.

बसायची जागाही तिने अशीच निवडली होती. बाकीच्यांची खिडकीजवळच्या उजेडासाठी ओढाताण चालायची. ही भिंतीला पाठ लावून, उजेडाच्या उलट अंगाला, दार समोर दिसेल अशी बसायची. सुरुवातीला एकदा मावशींनी विचारलं होतं, "सारखी दाराकडे काय बघतेस गं? नवरा यायचाय का न्यायला?" मावशींच्या मनात काही नव्हतं. पण हिच्या हाताचा धक्का लागून थिनरची वाटी उपडी झाली, आणि फडकं शोधायच्या गडबडीत उत्तर द्यायचं राहून गेलं.

नवरा न्यायला येईल, याच भीतीवर तिचे दिवस चालले होते.

तिचा बाप बाहुल्या करायचा. लाकडी तोंडाच्या, कापडी अंगाच्या, आणि डोळे असे की दुकानात आलेलं पोर रडायचं थांबून बघत राहायचं. त्या डोळ्यांची मेख एका ठिपक्यात होती. डोळा रंगवून झाला की बुबुळात उजेडाचा एक पांढरा ठिपका देतात. उजेड वरून येतो, म्हणून सगळे तो वरच्या अंगाला देतात. तिचा बाप खालच्या अंगाला द्यायचा. "बाहुलीने पोराकडे बघायचं असतं," तो म्हणायचा. "पोर खाली उभं. मग पोराच्या तोंडावरचा उजेड हिच्या डोळ्यात कुठून येणार? खालूनच." ठिपका एक केस इकडे झाला तर बाहुली झोपाळू दिसायची, तिकडे झाला तर चकणी. बापाने ही विद्या दोघांनाच दिली, लेकीला आणि हाताखाली शिकायला आलेल्या एका मुलाला. पुढे तो मुलगाच जावई झाला.

जावयाचा हात वाईट नव्हता, पण तो ठिपका काही त्याला साधला नाही. सासरा होता तोवर त्याने ते हसण्यावारी नेलं. सासरा गेला आणि त्याचं हसू संपलं. बायकोने रंगवलेल्या बाहुल्या तो उचलायचा, थिनरमध्ये अंगठा बुडवायचा आणि डोळे पुसून टाकायचा. "पुन्हा कर," एवढंच बोलायचा, तेही शांतपणे. कधी एखादी बाहुली, कधी सबंध फळी. डोळे पुसलेल्या बाहुल्यांची रांग समोर घेऊन ती बसायची आणि पुन्हा करायची. त्यानंतर मारणं सुरू झालं. एकदा त्याने तिचा डावा अंगठा टेबलाच्या खणात धरला आणि खण लावून घेतला. तो अंगठा पुढे कधी सरळ झाला नाही. तिने पोलिसांत तक्रार केली, तर तिथल्या साहेबांनी नवऱ्याला बोलावून चहा पाजला आणि दोघांना समजावून घरी पाठवलं. त्या रात्री त्याने हात उगारला नाही. फक्त म्हणाला, "जा की कुठेही. पोटासाठी कधी ना कधी ब्रश धरशीलच. तू काढलेला डोळा मी कुठेही ओळखीन."

लेक सहा वर्षांची असताना ती तिला घेऊन निघाली. गावं बदलली, खोल्या बदलल्या. शिवण करून पाहिलं, भांडी घासून पाहिली. पण वाकड्या अंगठ्याने दुसरं कुठलं काम नीट होईना. शेवटी त्याचंच म्हणणं खरं ठरलं आणि तिने ब्रश धरला. पण डोळा काढायचा नाही ही खूणगाठ बांधूनच. म्हणून ही खोगिरं.

आता एका देवीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

कारखाना टेबलावरच्या लढाईच्या खेळाची प्यादी करायचा. नोकरीधंद्याला लागलेली, पोटं सुटलेली माणसं सुट्टीच्या दिवशी जमतात, मोजपट्टीने अंतरं मोजतात, फासे टाकतात आणि एकमेकांची सैन्यं कापून काढतात. बायका त्यांना हसतात, पण ही मंडळी जिवावर उदार होऊन खेळतात. त्यात राक्षस आहेत, मेलेल्यांच्या फौजा आहेत, आणि शपथस्वार नावाचे चिलखती सरदार आहेत. या शपथस्वारांनी एका देवीची शपथ घेतलेली असते. तिचं नाव पाठराखीण. हातात शस्त्र नाही, अंगावर दागिना नाही, करडी शाल पांघरून ती अनवाणी सैन्याच्या मागे उभी असते आणि फक्त बघते. समोर राक्षस आला की बाकीच्या सैन्यांना भीतीचा फासा टाकावा लागतो, फासा उलटा पडला की प्यादी पळत सुटतात. पण ज्याच्या पाठीवर पाठराखिणीची नजर आहे त्याला भीतीचा फासा नाही. अट एकच, स्वाराने मागे वळून तिच्याकडे बघायचं नाही. वळला की त्याची भीती त्याच्याकडे परत.

हे सगळं तिला लेकीने जेवताना सांगितलं होतं. लेक आता सतरा वर्षांची होती. आईने आणलेल्या, ओतताना बिघडलेल्या स्वारांचं सैन्य करून ती दोन गल्ल्या पलीकडच्या खेळाच्या दुकानात जायची आणि त्या ढेरपोट्यांना हरवून यायची. दुकानाच्या मालकाला सगळे सेनापती म्हणत. माणूस सज्जन, आवाज तेवढा मोठा. कारखान्याचा बाहेरगावचा मालही त्यांच्याच गोदामातून रवाना व्हायचा. लेक त्या माणसांत बसून खळखळून हसते हे आईने एकदा काचेतून पाहिलं होतं. तेव्हापासून ती मनाशी म्हणायची की आपण आयुष्यात एक काम चोख केलं, पोरीपर्यंत भीती पोचू दिली नाही. ती लहान होती, तिला काही आठवत नाही. बापाचा विषय घरात निघत नसे.

काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा पाठराखिणीची नवी मूर्ती नुकतीच ओतून आली होती. तिचा नमुना रंगवायचा, त्याचा फोटो काढायचा, तो खोक्यावर छापायचा, सगळी घाई. मालकांनी टेबलावरच्या प्रत्येकाला एकेक फुटकं प्यादं दिलं आणि डोळे काढायला सांगितलं. बाकीच्यांचे तिरळे आले. हिने मुद्दाम तिरळे काढले. मूर्ती घडवणारी एक बारीक अंगाची, फटकळ बाई होती. तिने भिंगातून सगळे पाहिले आणि हिचं प्यादं मालकांपुढे ठेवलं. "दोन्ही डोळे सारखेच चुकलेत," ती म्हणाली. "इतकं मापात चुकायला हात लागतो. हिलाच द्या."

"मला नको, मला नाही जमायचं," ती म्हणाली.

"नाही जमलं तर बघू," मालक म्हणाले. "पण नाही करणार म्हणालात, तर मग मला दुसरी खोगीरबाई शोधावी लागेल."

तिने केलं. ठिपका वर दिला, चारचौघांसारखा. सगळे छान म्हणाले. सगळे चहाला गेल्यावर तिने दिव्याखाली मूर्ती धरली, आणि तिला ते बघवेना. देवी स्वारांच्या डोक्यावरून पलीकडे बघत होती. पाठराखीण कसली, बसची वाट बघत उभी असलेली बाई. कुणाचं रक्षण करील ती? इतकी वर्षं तिने हाताला मुरड घातली होती, आणि त्या दिवशी हात ऐकेना. तिने काडीला कापूस गुंडाळला, थिनरने दोन्ही डोळे पुसले, पुन्हा काढले, आणि ठिपका दिला खाली. देवीने मान न हलवता पायाशी उभ्या स्वारांकडे पाहिलं. हिच्या डोळ्यांत पाणी आलं, बाप आठवला. शेंगदाण्याएवढा चेहरा, त्यात मोहरीएवढा डोळा, त्यात तो ठिपका. कोण बघतंय, असं म्हणून तिने मूर्ती खोक्यात ठेवली.

फोटो मोठा करतात, हे मात्र तिच्या लक्षात आलं नाही.

महिनाभराने मालक एक गुंडाळी घेऊन आले आणि स्वतः स्टुलावर चढून त्यांनी रंगखोलीच्या दारावर पोस्टर लावलं. दाराएवढंच. त्यात नुसता चेहरा, आणि त्या चेहऱ्यात थाळीएवढे दोन डोळे, आणि त्या डोळ्यांत, खालच्या अंगाला, लिंबाएवढे दोन पांढरे ठिपके. ज्या दाराकडे ती रोज बघत बसायची त्या दारातूनच आता तिचं बिंग तिच्याकडे बघत होतं. ती उठून मालकांपाशी गेली.

"साहेब, डोळ्यात चूक राहिलीय," ती म्हणाली. "मी दुरुस्त करून देते."

"हात लावायचा नाही," मालक म्हणाले. "त्या डोळ्यांवर तर माल चाललाय. प्रत्येक गावच्या दुकानात हे पोस्टर लागलंय. आता प्रत्येक दुकानाला काचेच्या कपाटात ठेवायला एकेक रंगवलेली देवी द्यायचीय. अशीच्या अशी."

प्रत्येक गावच्या दुकानात. म्हणजे त्याच्याही. तो अजून बाहुल्याच विकत असणार, आणि समोरच्या खेळण्यांच्या दुकानात दाराएवढं पोस्टर. खोक्यावर कारखान्याचा पत्ता. याहून जास्त त्याला काय लागणार होतं?

त्या दिवसापासून ती देवीवर देवी रंगवत होती आणि प्रत्येक डोळ्यागणिक त्याला हाक मारत होती. ठिपका वर सरकवून बघितला, तर घडवणाऱ्या बाईने भिंगातून पकडलं आणि मूर्ती परत आणून ठेवली. घरी जायचा रस्ता ती रोज बदलायची. जिन्यात पाऊल वाजलं की हातातला घास हातात राहायचा. रुंद खांद्यांचा कुणीही माणूस पाठमोरा दिसला की ती आडोशाला थांबायची, आणि तो वळून दुसराच निघाला तरी लगेच बाहेर यायची नाही. एक पिशवी तिने भरून ठेवली: दोघींचे कपडे, लेकीचे शाळेचे दाखले, ब्रश. ती पिशवी रोज कारखान्यात आणून खुर्चीखाली ठेवायची. पुन्हा पळायचं का? पोरीची शाळा, मैत्रिणी, ते हसणं, सगळं पुन्हा मुळापासून उपटायचं? रोज तिचा निम्मा जीव म्हणायचा आजच नीघ, आणि निम्मा म्हणायचा अजून थांब, त्याने पाहिलंही नसेल.

लेकही हल्ली गप्प असायची. पोस्टर दुकानात लागलं त्या संध्याकाळी तिने विचारलं होतं, "आई, देवीचे डोळे कोणी काढले?"

"काकांनी," आई म्हणाली.

लेकीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाली आणि ताट उचलून गेली. त्यानंतर ती दुकानात जास्तच वेळ बसू लागली. तिच्या बाहीला थिनरचा वास यायचा, पण त्या घरात थिनरचा वास कशाला येत नव्हता?

एका सुट्टीच्या दिवशी कामाचा लोंढा म्हणून सगळ्यांना बोलावलं होतं. दुपारी मावशी परत आलेल्या मालाचं खोकं उघडून बसल्या होत्या. "हे बघा, सेनापतींच्या दुकानातून काय आलंय," त्या म्हणाल्या. "रंग निघतोय म्हणे आपला. दुसरीकडे कुठे निघाला नाही तो." त्यांनी मूर्ती टेबलावर सरकवली आणि ती हातोहात खोगीरबाईपर्यंत आली.

शाल जशीच्या तशी. केस, ओठ, बोटं, सगळं जागच्या जागी. फक्त डोळे पुसलेले. बाकी कशालाही धक्का न लावता, नेमके डोळ्यांपुरते, थिनरने.

पुन्हा कर.

तिला तो आवाज कानाशी ऐकू आला. तो आला होता. या गावात आला होता, आणि नुसता आला नव्हता, लेक ज्या दुकानात बसते त्याच दुकानात उभं राहून त्याने हे केलं होतं. ही निरोप पाठवायची त्याची रीत होती. आणि आज सुट्टी. लेक या घडीला तिथेच होती.

मावशी काहीतरी विचारत होत्या. तिने खुर्चीखालची पिशवी ओढली आणि पोस्टरचं दार ढकलून ती बाहेर पडली. रंगाचा डगला अंगावर तसाच. रस्त्यात लोक बाजूला होत होते, एका सायकलवाल्याने शिवी दिली. तिला पळता येत नव्हतं आणि ती पळत होती. देवा, ती तिथे असू दे, एवढंच तिच्या मनात होतं. मग वाटलं, नको, आज ती तिथे गेलेलीच नसू दे.

दुकानाच्या काचेबाहेर ती थांबली. आत टेबलाभोवती माणसं होती. एक जण पाठमोरा, रुंद खांदे, बाह्या कोपरापर्यंत मुडपलेल्या, हात मागे बांधून टेबलाकडे वाकलेला. लेक दिसत नव्हती. हिने काचेला कपाळ लावून आत शोधलं. आत जायचं तर त्याच्याच बाजूने जावं लागणार होतं. तिने पिशवीतून हाताला लागेल तो ब्रश काढून मुठीत धरला. ब्रशने काय होणार होतं कोण जाणे. दार ढकललं तशी वरची घंटी वाजली आणि तो माणूस वळला. गोल चष्मा, तोंडात बिस्किट. भलताच.

"या, या," सेनापती म्हणाले. "तुमची कन्या आत गोदामात आहे. बाहेरगावच्या पेट्या बांधायला मदत करते म्हणाली. गुणाची आहे हो पोरगी." मग तिचा चेहरा पाहून त्यांचा आवाज उतरला. "काय झालं?"

"माझी देवी... तुमच्या कपाटातली देवी. कोण आलं होतं? कुणी हात लावला तिला?"

"कुणी नाही. किल्ली माझ्याकडे असते." ते जरा थांबले. "नाहीतर तुमच्या लेकीकडे."

गोदामाचं दार लोटलेलं होतं. तिने ते उघडलं. लेक जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर दुसऱ्या गावांना जायची पेटी उघडी, पेटीच्या कडेला रंगवलेल्या पाठराखिणी ओळीने उभ्या, आणि एकीलाही डोळे नव्हते. लेकीच्या एका हातात मूर्ती होती, दुसऱ्या हातात कापूस गुंडाळलेली काडी. शेजारी बाटलीच्या झाकणात थिनर. आईला पाहून तिने काहीच लपवलं नाही.

"दार लाव, आई," ती म्हणाली.

आईने दार लावलं. तिथेच टेकून उभी राहिली. "हे तू केलंस?"

"हो."

"ते कपाटातलंही?"

"ते पहिलं. सेनापतींना वाटलं रंग खराब आहे, त्यांनी परत पाठवलं. मग मी पेट्या बांधायला लागले, म्हणजे बाहेर जायच्या आधीच..." तिने काडी खाली ठेवली. "ठिपका खाली आहे ना."

"तुला काय माहीत ठिपक्याचं?"

"माझ्या बाहुलीचे तसेच होते. निळ्या झग्याच्या. ती तिथेच राहिली ना." लेक अगदी हळू बोलत होती. "बाबा अंगठ्याने पुसायचे. मग तू परत काढायचीस. मी टेबलाखाली बसायचे. खणाचंही आठवतं."

आई पेटीशेजारी बसली.

"तू म्हणालीस काकांनी काढले. म्हणजे तू मुद्दाम खोटं बोललीस. म्हणजे तू पण घाबरलीयस," लेक म्हणाली. "मग मी म्हटलं आपणच पुसावे. या तर पुसल्या. पोस्टरचं काय करायचं ते सुचेना मला."

"मला सांगायचं नाहीस का?"

"तू घाबरली असतीस."

"आणि तू?"

"मी रोजच घाबरते. शाळेतून सरळ रस्त्याने कधी आले नाही मी."

"मला वाटायचं तुला काही आठवत नाही."

"तुला तसंच वाटू दे म्हटलं. तेवढीच तू खूश असायचीस."

इतकी वर्षं ती भीती एकटीने पोटाशी धरून होती, आणि शेजारी झोपलेलं पोर तीच भीती धरून निजत होतं. तिने पोरीला भीतीपासून वाचवलं नव्हतं. फक्त एकटं घाबरायला लावलं होतं. हे कळल्यावर तिला तो समोर आला असता तर बरं, असंही क्षणभर वाटून गेलं. त्याला निदान काही फेकून मारता आलं असतं.

बाहेर दारावरची घंटी वाजली. दोघींनी एकाच वेळी मान वळवली, अगदी सारखी, आणि ऐकत राहिल्या. कुणीतरी डिंक आहे का विचारत होतं. सेनापती त्याला आधीची उधारी विचारत होते. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

लेकीची नजर आईच्या पिशवीवर गेली. ती उठली, कोपऱ्यातलं आपलं दप्तर ओढलं, चेन उघडून आत बघितलं. वह्यांखाली कपड्यांचा एक जोड होता, टॉर्च होती, आणि रुमालात गुंडाळलेला एक स्वार. "माझीही तयारी आहे," ती म्हणाली आणि बुटाची नाडी बांधायला वाकली. रडली नाही, कटकट नाही. एखाद्याने पाऊस येतोय म्हणून छत्री घ्यावी तशी.

ती वाकलेली मान आईला दिसत राहिली. आज उठून गेलो, तर ही पोरगी जन्मभर दप्तरात कपड्यांचा जोड घेऊन फिरेल.

"बस खाली," ती म्हणाली. "तो दिवा इकडे घे."

मुठीतला ब्रश अजून तसाच होता. गोदामात सेनापतींचे रंग होतेच. तिने पहिली मूर्ती उचलली, वाकड्या अंगठ्याने तिचा तळ धरला आणि डोळे काढले.

"आई, वर दे ना ठिपका," लेक म्हणाली. "प्लीज."

"नाही. तुझा आजोबा खाली द्यायचा. ते त्याचं आहे, तुझ्या बापाचं नाही." तिने ब्रश लेकीपुढे धरला. "दुसरा तू दे."

लेकीने ब्रश धरला. तिने मनगट पेटीच्या कडेला टेकवलं. पहिल्यांदा देवी झोपाळू झाली. पुसून पुन्हा दिला, तेव्हा देवीने खाली पाहिलं.

पेटी पुरी होईपर्यंत संध्याकाळ झाली. मग आईने सेनापतींना आत बोलावलं आणि दार लावून सगळं सांगितलं. नवरा कसा दिसतो, कसा बोलतो, अंगठा कसा मोडला, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाला. सांगताना तिचे दात वाजत होते. सेनापती पेटीवर टेकून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "दारावर घंटी आहे. आजपासून कोण आला ते मी आधी बघेन." उद्या मालकांना सांगायचं होतं, काकांना, मावशींना. मावशी रडणार आणि मग सगळ्या गल्लीला सांगणार. सांगू देत, असं तिला वाटलं. जितके जास्त लोक बघतील तितकं बरं.

"चल घरी," ती म्हणाली.

"कुठल्या?" लेकीने विचारलं.

"आपल्या. इथल्याच."

बाहेर अंधार पडत होता. दुकानाच्या काचेत पोस्टर तसंच होतं. लेक नेहमीसारखी लांबच्या गल्लीकडे वळली, तशी आईने तिचा दंड धरून तिला सरळ रस्त्याला लावलं. "तू पुढे हो. मी मागून येते."

"तुला मागून कोण बघणार?"

"पुढे बघ तू."

लेक चालू लागली. पिठाच्या गिरणीपाशी तिची मान जरा वळली, मग पुन्हा सरळ झाली. आई तिच्या पाठीवरची नजर न हलवता मागून चालत होती. पिशवी आणि दप्तर, दोन्ही तिच्याच खांद्यावर होतं. तिच्या स्वतःच्या पाठीला थंडगार काटा येत होता, मागे पावलं वाजल्यासारखी वाटत होती, खरीच वाजत असतील किंवा नसतील. घर येईपर्यंत तिने एकदाही वळून पाहिलं नाही.